हेलिकॉप्टर शोध व बचाव सेवा, वऱ्हाडातील

पूर, वादळ, नौकाघात किंवा विमान-अपघात यांत सापडलेल्या व्यक्तींचा हेलिकॉप्टरच्या साहाय्याने शोध घेऊन त्यांना सुरक्षित स्थळी पोहोचविणारी सेवा. आरंभी ही सेवा बहुतेक ठिकाणी सैनिकी स्वरूपाची होती. पुढे काही देशांत ती कराराने खाजगी कंपन्यांकडे सोपविण्यात आली. वऱ्हाडासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात तिची गरज प्रामुख्याने पुराच्या वेळी भासते.

उगम : युद्धातील पहिली हेलिकॉप्टर-सुटका भारताच्या सीमेलगतच घडली. एप्रिल १९४४ मध्ये आसामातील लालाघाट येथून निघालेल्या अमेरिकन वैमानिक कार्टर हारमन याने सिकॉर्स्की बनावटीच्या हेलिकॉप्टरमधून ब्रह्मदेशात जपानी फळीमागे अडकलेल्या चौघांना एकेक करून बाहेर काढले. त्या यंत्राची शक्ती एका वेळी एकच माणूस उचलण्याइतकी होती. ब्रिटिश वायुदलाने १९५३ मध्ये हेलिकॉप्टरांचे पहिले बचाव-पथक उभारले. वैमानिकांसाठी निर्माण झालेल्या या सेवेचा लाभ कालांतराने मच्छीमार, गिर्यारोहक व पूरग्रस्त यांनाच अधिक होऊ लागला. सैन्याने नागरी काम का करावे, हा प्रश्न त्यातूनच उद्‌भवला.

ब्रिटनमधील हस्तांतरण : खाजगीकरणाचे सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथील पहिली निविदा-प्रक्रिया गैरप्रकार उघडकीस आल्याने फेब्रुवारी २०११ मध्ये रद्द झाली. मार्च २०१३ मध्ये ब्रिस्टो या कंपनीस सुमारे १.६ अब्ज पौंडांचे दहा वर्षांचे काम देण्यात आले. १ एप्रिल २०१५ पासून टप्प्याटप्प्याने दहा तळांवरून ही सेवा सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये वायुदलाची बचावसेवा संपुष्टात आली. जुनाट सी किंग हेलिकॉप्टरांच्या जागी नवी व वेगवान हेलिकॉप्टरे आली. मात्र तळांची संख्या बारावरून दहावर आली. सेवा खाजगी झाली, तरी तिचा खर्च सरकारच सोसते व संकटग्रस्ताकडून मूल्य घेतले जात नाही. कंपनीस मोबदला मिळतो, तो मुख्यतः अहोरात्र सज्ज राहण्याबद्दल.

भारतातील व्यवस्था : भारतीय वायुसेनेत १९५४ मध्ये सिकॉर्स्की एस-५५ हे पहिले हेलिकॉप्टर दाखल झाले. तेव्हापासून नैसर्गिक आपत्तीत नागरी प्रशासनाच्या मागणीवरून वायुसेना साहाय्य करीत आली आहे. जून २०१३ मधील उत्तराखंडच्या प्रलयात गौरीकुंडाजवळ एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोसळून वीस जण मृत्युमुखी पडले. या कामातील धोका त्यावरून ध्यानात येतो. मुंबईच्या तेलक्षेत्रात कर्मचाऱ्यांची नित्याची ने-आण भाडेतत्त्वावरील नागरी हेलिकॉप्टरे करतात. परंतु १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा त्यावरील २६१ जणांच्या सुटकेसाठी नौसेना व तटरक्षक दल यांनाच धावून जावे लागले. नफ्याची वाहतूक व संकटातील सेवा यांतील हे अंतर लक्षणीय आहे.

१९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंस या सरकारी कंपनीतील ५१ टक्के भाग विकण्याचा प्रयत्न केंद्र सरकारने वारंवार केला. एप्रिल २०२२ मध्ये २११.१४ कोटी रुपयांची बोली मान्यही झाली. परंतु खरेदीदार गटातील एका भागीदाराविरुद्ध कंपनी न्यायाधिकरणाचा आदेश असल्याने २०२३ मध्ये ही विक्री रद्द झाली. दुसरीकडे, सैनिकी मदतही विनामूल्य नसते. २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने केरळ राज्याकडे २००६ पासूनच्या हवाई मदतीपोटी १३२.६२ कोटी रुपयांची मागणी केली, तेव्हा हा मुद्दा सर्वांसमोर आला.

वऱ्हाड : पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा, पेढी, वर्धा व पैनगंगा या नद्यांना अल्पावधीत मोठे पूर येतात. काळ्या चिकण जमिनीतून वाहने पुढे जाऊ शकत नाहीत आणि पाण्याने वेढलेल्या वस्त्यांचा संपर्क तुटतो. जुलै २०२१ मध्ये मोर्णेच्या पुराने अकोला शहरातील अनेक वस्त्या जलमय केल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. त्यांचा शोध नावांतूनच घ्यावा लागला. २२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला, तेव्हा राज्य शासनाने वायुसेनेची एमआय-१७ हेलिकॉप्टरे मागविली.

प्रत्यक्षात येथील भार जमिनीवरील पथकांवर आहे. २०१६ मध्ये उभारलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे ठेवण्यात आल्या. नागपूरहून अमरावती सुमारे १५०, तर अकोला सुमारे २५० किमी. दूर आहे. पथक पोहोचेपर्यंतच्या मधल्या तासांत स्थानिक पोहणारे व स्वयंसेवक हाच आधार असतो. अकोला जिल्ह्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीचा विस्तार मात्र कृषी विद्यापीठाच्या जमिनीच्या प्रश्नामुळे दीर्घकाळ रखडला.

मूल्यमापन : सेवा कराराने चालविणे महाराष्ट्रास नवे नाही, २०१४ पासूनची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा याच तत्त्वावर सुरू झाली. तथापि रुग्णवाहिकेस रोज काम असते. बचाव-हेलिकॉप्टर वर्षातील बहुतेक दिवस उभे असते. केवळ उड्डाणांच्या हिशेबाने मोबदला ठरविल्यास कमी मागणीचा प्रदेश कंपनीस परवडत नाही व तळ मोठ्या शहरांकडे सरकतात. सैन्याच्या हाती सेवा असल्यास अनुभव व शिस्त मिळते. मात्र सीमेवरील गरजेस अग्रक्रम राहतो. म्हणून वऱ्हाडापुरता मूळ प्रश्न मालकीचा नसून अंतराचा आहे. हेलिकॉप्टर कोणाचेही असो, त्याचा तळ कोठे असावा, ते किती वेळात पोहोचावे आणि विलंबाचे उत्तरदायित्व कोणाचे, हे आधी ठरल्याखेरीज खाजगीकरणाने पूरग्रस्त गावाच्या स्थितीत फरक पडणे कठीण आहे.