चूल कोणी निवडली?

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपण बहुधा शेजारच्या घरातले भांडण कानी आले की वापरतो. म्हणीतली चूल मात्र आपल्या लक्षात राहत नाही. वस्तुतः मराठी भाषेने कुटुंबाची मोजणीच चुलीवरून केली आहे. भाऊ विभक्त झाले की चुली वेगळ्या होतात आणि घरातल्या सर्वांना जेवायला बोलावले की ते निमंत्रण 'चूलबंद' ठरते. जनगणनेची व्याख्याही याहून फार दूर नाही. एकत्र राहणारी आणि एका सामायिक स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, असे ती मानते. ज्या वस्तूवरून घर मोजले जाते, ती वस्तू निवडली कोणी, हा प्रश्न मात्र आपल्या इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न मला सुचला तो ओव्हन विकत घेताना. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे येथे आमचे घर आहे. मागच्या दिवाळीआधी आई आणि मी ओव्हन घ्यायला शहरात गेलो. विक्रेता लिटर, वॅट आणि तापमानाची बटणे समजावून सांगत होता, आणि हे सारे तो मला सांगत होता. आईने बराच वेळ ऐकून घेतले आणि मग विचारले, "हे पुसाचं कसं? अन् बिघडलं त नीट कोन करन?" विक्रेता हसला. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जाणवले की गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांतल्या चूलसुधारणेचा इतिहास या दोन प्रश्नांभोवतीच फिरत आला आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण आमच्या घरापासून काही किलोमीटरवर, मगनवाडीत घडले आहे.

डिसेंबर १९३४मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेच्या जागेला मगनलाल गांधींचे नाव मिळाले. संघाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा माणूस वर्ध्यात तेलघाणी, हातकागद, गूळ आणि मधमाश्या यांचा विचार करीत बसला. १९३८मध्ये तेथेच मगन संग्रहालय उघडले. घासलेटऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा 'मगनदीप' आणि धूर घराबाहेर काढणारी 'मगन चूल' ही याच परिसराची अपत्ये.

मगन चुलीचे तत्त्व साधे होते. एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी ठेवायची आणि धूर धुराड्यावाटे छताबाहेर सोडायचा. पहिल्या भांड्याखालून निघालेला तप्त वायू फुकट न दवडता पुढच्या भांड्याखालून न्यायचा. मराठी स्वयंपाकघराला यातला अर्धा भाग नवा नव्हता. आपल्या जुन्या चुलीला शेजारी 'वैल' असेच. भाकरी चुलीवर व्हायची आणि वरण वैलावर रटरटत राहायचे. नवे होते ते धुराडे. आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. ही चूल मातीची होती. घरची बाई रोज जी चूल सारवते, जिची भेग शेणामातीने बुजवते, त्याच जातीची ती होती. आईच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या मातीतच होते.

पुढे १९५३मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धूररहित चुलीचा पुरस्कार करणारी पुस्तिका लिहिली. मग दोन-तीन दशके या विषयावर राख साचली. १९७३च्या तेलसंकटानंतर आणि जंगलतोडीच्या चिंतेने ती पुन्हा फुंकली गेली. १९८१मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो याचे मोजमाप केले. तोवर चुलीचा प्रश्न मुख्यतः लाकडाचा मानला जात होता. फुफ्फुस त्यात फार उशिरा आले.

१९८३च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अनुदानावर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या आणि २००२मध्ये हा कार्यक्रम गुंडाळण्यात आला. बसवलेल्या चुलींपैकी अनेक काही वर्षांतच मोडल्या, किंवा धुराडे काढून साध्या चुलीसारख्या वापरल्या जाऊ लागल्या. याच सुमारास चीनमध्येही अशीच मोहीम चालू होती. तेथे चुलीचा बराचसा खर्च कुटुंबाने स्वतः करावा आणि सरकारने कारागीर, प्रशिक्षण व उत्पादन यांना बळ द्यावे, अशी रचना होती. तेथील यश अधिक टिकाऊ ठरले. पदरचे पैसे मोजणारे माणूस वस्तूला प्रश्न विचारते. फुकटाच्या वस्तूला आपण फक्त नमस्कार करतो.

ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासातून २०१२मध्ये रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी दाखवून दिले की धुराड्याच्या चुलीमुळे पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला, पण पुढे हा फरक नाहीसा झाला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची निगाही राखली गेली नाही. धुराड्यात काजळी साचते, ती काढायला छतापर्यंत चढावे लागते, आणि ते काम कोणाचे हे कोणीच ठरवलेले नव्हते. 'हे पुसाचं कसं?' हा प्रश्न हास्यास्पद नव्हता, हे येथे ध्यानात यावे.

अशा वेळी 'बायका जुन्याला चिकटून राहतात' असा निष्कर्ष काढणे सोपे असते. मला तो आळशी वाचनाचा नमुना वाटतो. वर्ध्याच्या कापूसपट्ट्यात जळण म्हणजे बहुतेकदा पऱ्हाट्या आणि तुराट्या. त्या भुरुभुरु जळतात, लांबच्या लांब आत सारत राहावे लागते. तोडलेल्या जाड लाकडाचा हिशेब मांडून केलेली चूल अशा घरात गैरसोयीची होणारच. तिचा त्याग ही एक टीका असते. ती लिहिलेली नसते एवढेच, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी न लिहिलेला मजकूर वाचायला शिकले पाहिजे.

अर्थात याचा अर्थ जुन्या चुलीचे गोडवे गावेत असा मुळीच नाही. आज महामार्गावर जागोजागी 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या दिसतात. चव गिऱ्हाइकाच्या वाट्याला येते आणि धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या. १ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी घरातल्या स्त्रीच्या नावाने दिली, ही गोष्ट चुलीच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. पण सिलिंडर पुन्हा भरून आणायचे पैसे कोणाच्या हातात, हा प्रश्न उरलाच. म्हणून अनेक घरांत गॅस आणि चूल शेजारी शेजारी नांदतात.

ओव्हनची कथा थोडी निराळी आहे. आपल्या स्वयंपाकात भाजणे होते, पण बंद भट्टी घरात नव्हती. विदर्भातले रोडगे शेतात किंवा देवस्थानी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजले जात. दिवाळीची नानकटाई तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत करून आणली जाई. भट्टी गावाची होती. ती ओट्यावर आली तेव्हा सोय झाली, आणि बेकरीपुढच्या रांगेतल्या गप्पा संपल्या.

आम्ही शेवटी लहानच ओव्हन घेतला. माझा कल मोठ्याकडे होता. आईने ज्याचे तबक पूर्ण बाहेर येते, आतल्या भिंतींपर्यंत हात पोचतो आणि दिव्यामुळे पदार्थ दिसतो, तो पसंत केला. पहिल्या आठवड्यात तिने त्यात रोडगे भाजले. गोवरीची चव नाही आली, असे तिने सांगितले, पण डोळे चुरचुरले नाहीत हेही सांगितले.

दुकानदाराने पावती माझ्या नावाने केली. ती मी जपून ठेवली आहे. उद्या एखाद्या अभ्यासकाच्या हाती ती पडली, तर हा ओव्हन मी निवडला असेच तो लिहील. मगन चुलीच्या इतिहासात कुमारप्पांचे नाव सापडते. ती चूल ज्यांनी प्रथम पेटवली, सारवली आणि वापरून पाहिली, त्यांच्या नावाची पावती कोणी केली नाही.