पावडर आणि चुना

१९८६ साल असावं. माण तालुक्यातल्या एका गावात तात्यांच्या पोल्ट्रीवर मी उभा होतो. पाचशे पिलांची शेड, वर सिमेंटचे पत्रे, बाजूंना जाळी, खाली वाईकडून आणलेलं भाताचं तूस. तात्या तळवटावर खाद्य कालवत होते. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, थोडी सुकट आणि सगळ्यात शेवटी डब्याच्या झाकणाने मोजून घेतलेली पिवळसर पावडर.

"डाक्टर, ह्या पावडरीनं नक्की हुतं काय वो?"

"वाढ होते, तात्या."

"ती दिसतीयच की. पर कशानं हुती?"

"पोटातले जंतू मरतात. मग खाल्लेलं अंगी लागतं."

तात्यांनी फावडं उभं धरलं. "मग ह्या शेडातली पयली बॅच बिनपावडरीचीच झक्कास निघाली, ती कशी? तवा जंतू नव्हतं व्हय?"

योगायोग असेल, असं सांगून मी मोटारसायकलला किक मारली. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होतो, माझ्यामागे पदवी होती आणि पुस्तकात 'वाढ होते' असं छापलेलं होतं. तात्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा मी त्या पावडरीची कुळी शोधायला बसलो. ती कुळी मला उलट माझ्याच कॉलेजच्या गल्लीत घेऊन आली.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. हाफकिन संस्था तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. आम्हाला ती माहीत होती प्लेगच्या लशीसाठी आणि सापांसाठी. तिथे लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई काम करून गेल्या, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मुंबईतल्या गरीब, गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळाच पंडुरोग होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण आहेत त्या आकाराने मोठ्या. त्याचा छडा लावायला विल्सबाई १९२८ मध्ये भारतात आल्या. या बायकांच्या जेवणात काहीतरी कमी आहे, हे त्यांनी ताडलं. मार्माइट नावाचा यीस्टचा काळा, खारट अर्क त्यांना चारला तर रक्त भरून येतं, हे त्यांनी १९३१ मध्ये छापून सिद्ध केलं. अर्कात नेमकं काय होतं, हे मात्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

ते होतं फॉलिक अॅसिड. १९४५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. तिथले संशोधनप्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पण फॉलिक अॅसिडने एक कोडं सुटलं नाही. दुसऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगात त्याने रक्त सुधारायचं, पण हातापायांच्या नसा बिघडतच राहायच्या. त्या रोगावर १९२६ पासून एकच इलाज ठाऊक होता, तो म्हणजे रोज भरपूर काळीज खाणं. काळजात आणखी काहीतरी होतं. ते शोधणाऱ्यांत याच प्रयोगशाळेतले थॉमस जुक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड होते. दोघेही कोंबड्यांच्या आहाराचे जाणकार.

कोंबडीवाल्यांचं कोडं वेगळं होतं, पण मुळात एकच. नुसत्या धान्यावर आणि पेंडीवर पिलं वाढत नाहीत, मासळी, मांसाचे तुकडे किंवा दूध दिलं की वाढतात. या अज्ञात घटकाला त्यांनी 'प्राणिज प्रथिनातला घटक' असं मोघम नाव दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात मासळीचा कुटा मिळेनासा झाला, सोयाबीनची पेंड स्वस्त झाली आणि अडचण वाढली. अमेरिकी सरकारच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात पिलांच्या खाद्यात वाळलेलं शेण मिसळून पाहिलं, आणि पिलं वाढली! हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या आजीच्या कोंबड्या दिवसभर उकिरडाच उकरायच्या. उकिरड्यावर त्या किडे शोधतात, एवढंच आम्ही समजत होतो.

१९४८ मध्ये अमेरिकेत मर्क कंपनीत आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोत काळजातला तो घटक लाल स्फटिकांच्या रूपात हाती आला. तो होता ब-१२. हे जीवनसत्त्व जनावराच्या पेशी बनवत नाहीत, झाडंही बनवत नाहीत. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाईच्या पोटातले जीवाणू ते करतात, म्हणून काळजात असतं, दुधात असतं आणि शेणातही असतं. मग काळीज कशाला पिळायचं? ज्या टाक्यांमध्ये औषधासाठी जीवाणू आधीच वाढवले जात होते, त्यांच्या उरलेल्या गाळातच ते मिळायला हवं. मर्कवाल्यांना ते स्ट्रेप्टोमायसिन देणाऱ्या जीवाणूच्या रसात सापडलंही.

लेडर्लीकडे दुसरा जीवाणू होता. बेंजामिन डगर हे वनस्पतिशास्त्रज्ञ विद्यापीठातून निवृत्त होऊन सत्तरीनंतर तिथे मातीचे नमुने तपासत बसले होते. मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबर्न फील्ड या जुन्या प्रयोगशेतात २३ नंबरचा तुकडा आहे. १८८८ पासून तिथे टिमोथी नावाचं गवत घेत आले होते, खत न घालता. त्या मातीतून १९४५ मध्ये डगर यांना एक सोनेरी पिवळा जीव मिळाला. दिसायला बुरशीसारखा, जातीने जीवाणू. त्याच्यापासून मिळालेलं औषध ते ऑरिओमायसिन. नावातलं 'ऑरिओ' म्हणजे सोनं. १९४८ मध्ये ते जगापुढे आलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले. पुढचं त्यांनी पाहिलं नाही.

आमच्याकडे साखर कारखान्यात साखर निघाल्यावर मळी उरते, तसं लेडर्लीत औषध काढून घेतल्यावर टाकीत चोथा उरायचा. तो फेकून द्यायचा खर्च होत होता. त्यात ब-१२ असेल, या हिशोबाने तो वाळवून पिलांना चारला गेला. शेजारच्या गटांना काळजाचा अर्क आणि इतर खाद्यं दिली. १९४८ च्या नाताळच्या दिवशी मदतनीस सुट्टीवर होते, म्हणून जुक्स यांनी पिलं स्वतः तोलली. चोथा खाल्लेली पिलं सगळ्यांच्या पुढे होती. काळजाचा अर्क खाल्लेल्यांच्याही.

इथे गोष्टीने वळण घेतलं. जे शोधत होते ते ब-१२ असेल, तर तेवढंच ब-१२ वेगळं दिल्यावर तेवढीच वाढ व्हायला हवी होती. ती होत नव्हती. पुरेसं ब-१२ मिळालेली पिलंसुद्धा चोथा दिला की आणखी वाढायची. चोथ्यात औषधाचा जो थोडा अंश उरत होता, तोच हे करत होता. डुकरांच्या पिलांवर परिणाम आणखी ठळक दिसला. दूध तोडलेली, हगवणीने खंगलेली पिलं उभी राहिली. पुढे वासरांनाही ते दुधातून दिलं जाऊ लागलं आणि तिथेही हगवण कमी झाली. मात्रा किती, तर टनभर खाद्यात काही ग्रॅम! ९ एप्रिल १९५० ला फिलाडेल्फियात रसायनशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात जुक्स आणि स्टोकस्टॅड यांनी हे जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ती बातमी होती. १९५१ मध्ये अमेरिकेने अशा खाद्याला परवानगी दिली, १९५३ मध्ये ब्रिटनने. डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नव्हती. माणसाच्या न्यूमोनियावरचं औषध पोत्याने विकलं जाऊ लागलं. तात्यांच्या डब्यापर्यंत ते पोचायला तीसेक वर्षं लागली.

पण वाढ कशाने होते? हा तात्यांचाच प्रश्न तेव्हा इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या शिनफील्ड इथल्या दुग्धसंशोधन संस्थेत मारी कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला होता. १९५१ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की जुन्या, सतत पिलं राहिलेल्या खोलीत पेनिसिलिन दिलं तर पिलांची वाढ सुधारते. तीच पिलं कधीही न वापरलेल्या, स्वच्छ जागेत ठेवली, तर ती औषधाशिवायच तेवढी वाढतात. तिथे औषध घालून काहीच फरक पडत नाही. पुढे अमेरिकेत पूर्ण निर्जंतुक पिंजऱ्यांत वाढवलेल्या पिलांवरही हेच दिसलं.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी पुस्तक मिटलं. तात्यांची शेड नवी होती. पहिल्या बॅचला जंतू नव्हते व्हय? नव्हतेच, तात्या. निदान त्रास देण्याइतके नव्हते. जे निरीक्षण एका संस्थेने पिलं तोलून, आकडे मांडून सिद्ध केलं होतं, ते त्यांनी फावडं हातात धरून मला ऐकवलं होतं, आणि मी त्याला योगायोग म्हणालो होतो.

एकदा हे कळलं की पुढचा सगळा इतिहास सरळ दिसतो. पावडर पिलाला काही देत नव्हती. घाण जमिनीने पिलाकडून जे हिरावून घेतलं, त्यातलं थोडं ती परत करत होती. जे काम झाडू, चुना आणि रिकाम्या शेडीचे पंधरा दिवस करतात, ते ती करत होती. फरक एवढाच की रिकामी शेड पंधरा दिवस पैसे देत नाही आणि पावडर स्वस्त होती.

किंमत दुसरीकडे चुकवावी लागली. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये वासरांचे व्यापारी कोवळी वासरं गोळा करून दूरदूर विकत होते. त्या वासरांत साल्मोनेला या जंतूची साथ आली. तिच्यामागे लंडनचे जीवाणुतज्ज्ञ एफ्राइम अँडरसन लागले. जंतू एकामागून एक औषध पचवायला शिकत होते, ती विद्या दुसऱ्या जंतूंनाही देत होते, आणि वासरांकडून माणसांत येत होते. १९६९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या स्वान समितीने सांगितलं की माणसाच्या उपचाराला लागणारी औषधं वाढीसाठी खाद्यात घालू नयेत. अमेरिकेत स्ट्युअर्ट लेव्ही यांनी बॉस्टनजवळच्या एका शेतावर शंभरावर पिलांना औषधी खाद्य दिलं. आठवडाभरातच पिलांच्या पोटातले जंतू औषधाला जुमानेनासे झाले, आणि सहाएक महिन्यांत त्याच शेतावर राहणाऱ्या घरातल्या माणसांच्या पोटातलेही. १९७६ मध्ये हे छापून आलं. जुक्स मात्र शेवटपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, आपल्या शोधाची बाजू लढवत राहिले. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, कारण स्वस्त अंडं आणि स्वस्त कोंबडी गरिबाच्या ताटात येण्यात त्या चोथ्याचाही वाटा आहे.

स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविकं बंद केली. त्याच वर्षी मी तात्यांना 'वाढ होते' असं सांगत होतो. युरोपने पूर्ण बंदी घालायला २००६ साल उजाडलं. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन जनावरांच्या खाद्यातून बंद झालं. तेही एका जीवाणूपासूनच मिळणारं, आणि इतर काही चालेनासं झाल्यावर माणसासाठी राखून ठेवलेलं औषध.

आता पावडरीच्या जागी नवी पाकिटं आली आहेत. यात औषध नाही, जिवंत जीवाणू आहेत. याचंही मूळ जुनं आहे. फिनलंडमध्ये १९७१ मध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला पसरला. तेव्हा नुर्मी आणि रान्ताला यांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज एका दिवसाच्या पिलांना पाजला. १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की अशा पिलांच्या पोटात साल्मोनेलाला जागाच मिळत नाही. हॅचरीतल्या पिलाला आई दिसत नाही. आजीच्या डालग्याखालची पिलं आईच्या विष्ठेत चोच मारत तेच जीवाणू पहिल्या दिवशी फुकट मिळवायची.

मागच्या वर्षी मी त्या गावात गेलो. तात्या आता नाहीत. मुलाने जागा वाढवून पाच हजार पिलांची शेड बांधली आहे, करारावर. पिलं कंपनीची, खाद्यही कंपनीचंच, शिवलेल्या पोत्यात येतं. तळवट आणि फावडं कोपऱ्यात पडलं होतं. पोत्यात काय काय आहे, असं मी विचारलं तर त्याने खांदे उडवले. त्याचे वडील निदान झाकणाने मोजून घालत होते आणि वर मला जाब विचारत होते.

म्हणून हे लिहिलं. पोल्ट्री असो, शेळ्यांचा गोठा असो, पोत्यावरची चिठ्ठी वाचा. तिच्यावर औषधाचं नाव दिसलं तर ते कोणत्या रोगासाठी आहे, हे विचारा. 'वाढीसाठी' हे उत्तर आलं तर ते पोतं परत करा. जीवाणूंचं पाकीट घ्यायला माझी हरकत नाही. पण त्याआधी जुनं तूस बाहेर काढा, जमीन घासा, चुना मारा आणि पंधरा दिवस शेड रिकामी ठेवा. पहिली बॅच झक्कास का निघाली, तर एवढ्याचसाठी.