रविवारचा चहा आणि आठ लेखण्या

लेखकमंडळ काढायचे म्हटले की आपल्याकडे पहिला विचार सभागृहाचा होतो, दुसरा देणगीदारांचा आणि तिसरा उद्घाटनास बोलवावयाच्या पाहुण्यांचा. लिहिणारे कोण आणि लिहिलेले मन लावून ऐकणारे कोण, हा प्रश्न निघेपर्यंत मंडळ बहुधा उरलेले नसते. म्हणूनच १९२३ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या एका लहानशा मंडळाची हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटले. त्या मंडळाजवळ सभागृह नव्हते. होता तो रविवार, चहा आणि आठ माणसे.

तो काळ मराठी कवितेला पोरकेपणाचा होता. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी ठोंबरे रेल्वेच्या अपघातात गेले. १९१९ च्या जानेवारीत गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकही निवर्तले. सुमारे एका वर्षाच्या अवधीत तीन दीप मालवले. टिळकांचे घर हे स्वतःच एक लेखनशाळा होते. कोवळ्या वयाच्या बालकवींना त्या घरात आसरा आणि श्रोता दोन्ही लाभले, हे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. आता तरुण कवीने आपली वही घेऊन जावे तरी कोणाकडे?

पुण्यातील काही तरुणांनी याचे उत्तर शोधले ते असे, की आपणच एकमेकांकडे जावे. रविवारी जमावे, चहा घ्यावा, नवे लिहिलेले वाचावे आणि त्यावर बोलावे. या बैठकीला थट्टेने 'सन-टी क्लब' म्हणत. तिचेच पुढे 'रविकिरण मंडळ' झाले. माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन), यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर आणि नाट्यछटाकार दिवाकर असे हे आठ जण. ही मंडळी धनिक नव्हती. माधव जूलियन फारसी शिकवीत. दिवाकर शाळामास्तर होते. यशवंत येरवड्याच्या सुधारशाळेत कारकून होते. तिथे दिसलेल्या बालगुन्हेगारांचे जिणे त्यांनी पुढे 'बंदीशाला' या खंडकाव्यात आणले. कारकुनीचे टेबलही लेखकाचे साधन होऊ शकते ते असे!

मंडळाचे खरे साहस मात्र चहापानात नव्हते. अनोळखी कवीचे पुस्तक काढण्यास प्रकाशक सहसा धजत नाही, हे दुखणे तेव्हाही होते. या आठांनी कोणाचे उंबरठे न झिजवता १९२३ मध्येच आपल्या लेखनाचा एकत्रित संग्रह 'किरण' या नावाने काढला. 'उषा', 'शलाका', 'प्रभा' हे त्यामागून आले. एकट्याचे पुस्तक पडून राहिले असते; आठांच्या पुस्तकाला आठांच्या घरचे वाचक आपसूक मिळाले. साध्या हिशोबाची ही गोष्ट आम्हांला कोणत्याही अनुदानाहून मोलाची वाटते.

दुसरे साधन त्यांचा गळा. आपली कविता चाल लावून श्रोत्यांपुढे म्हणण्याची प्रथा या मंडळींनी लोकप्रिय केली. छापील कविता ज्यांच्या हाती पडणे शक्य नव्हते त्यांच्या कानी ती पडू लागली. भजनाची आणि कीर्तनाची सवय असलेल्या समाजाला हे मानवले यात नवल नाही. परंतु येथेच एक धोकाही शिरला, असे आमचे मत आहे. जी कविता गाता येते तिला टाळी लौकर मिळते, आणि टाळीची चटक लागली की आशय पातळ होऊ लागतो. आपापसांत सतत कौतुक करणाऱ्या मंडळींना हे सांगणार कोण? ते बाहेरच्याने सांगितले, आणि तेही खदखदून हसवून. प्रल्हाद केशव अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' प्रसिद्ध केली. रविकिरण मंडळाच्या लकबी, त्यांचे फारसी शब्द, त्यांचे प्रेमाचे उसासे यांची त्या विडंबनांत यथेच्छ टर उडविलेली आहे. पुढे याच अत्र्यांनी आणि मंडळाच्या घाट्यांनी मिळून शाळेतल्या मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' सिद्ध केली. टीका पचविण्याची ही रीत हल्ली दुर्मिळ झाली आहे.

माधव जूलियन यांचे त्या वर्षांतील जीवन मात्र हसण्यासारखे नव्हते. लोकापवादाच्या वादळात त्यांना फर्ग्युसन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते रुजू झाले ते १९२८ मध्ये. मधल्या खडतर काळात त्यांच्या हातून काय झाले पाहावे: १९२५ मध्ये 'फारसी-मराठी कोश', १९२६ मध्ये 'विरहतरंग', १९२७ मध्ये 'छंदोरचना'. वृत्ते आणि जाती यांचा असा शास्त्रशुद्ध विचार मराठीत त्यापूर्वी झाला नव्हता. आजही पद्य लिहू पाहणाऱ्याने प्रथम तो ग्रंथ चाळावा. १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. फारसीचा कोश रचणारा हा पंडित उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचा कैवारी झाला आणि स्वतःच्या जुन्या कवितांतील फारसी शब्द खुडू लागला, ही गोष्ट गमतीची खरी. आम्हांला तरी त्यांच्या मूळच्या ओळीच अधिक भावतात.

मंडळ फार काळ एकत्र राहिले नाही. माडखोलकर वृत्तपत्राच्या कामासाठी नागपूरला गेले; इतरांनाही नोकऱ्यांनी गावोगाव पांगविले. दिवाकर १९३१ साली वारले, माधव जूलियन १९३९ साली. परंतु त्या रविवारांतून माणसे घडली होती. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी १९३६ साली जळगावला माधव जूलियन, १९४६ साली बेळगावला माडखोलकर, १९५० साली मुंबईला यशवंत आणि १९५३ साली अहमदाबादला घाटे असे या आठांतले चौघे विराजमान झाले. बेळगावच्या त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला.

राहता राहिल्या मनोरमाबाई. घरी चार साहित्यिक जमले की आपल्या घरांतील गृहिणीचा संबंध अजूनही बहुधा कपबश्यांशीच येतो. त्या काळी एका विवाहित स्त्रीने सात पुरुषांच्या बैठकीत कवयित्री म्हणून, बरोबरीच्या नात्याने बसावे, तिची कविता त्यांच्या कवितांसोबत एकाच पुस्तकात छापली जावी, हे 'किरण'मधील कोणत्याही ओळीहून आम्हांला धाडसाचे वाटते. त्यांना अवधी मात्र मिळाला नाही. १९२६ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या गेल्या. पतिपत्नींच्या कविता ज्या संग्रहात एकत्र आहेत त्याचे नाव 'श्री-मनोरमा'. आपल्या ग्रंथालयांत तो आता सहजी सापडत नाही.