रानपिंगळ्याच्या नोंदी आणि खानदेश

दुर्मिळ पक्ष्याची नोंद हा एक दस्तऐवजच होय. ती कोणी, कोठे व केव्हा केली, आणि तिचा पुरावा अस्सल आहे काय, हे तपासल्यावाचून ती प्रमाण मानता येत नाही. खानदेशातील रानपिंगळ्याचा वृत्तांत या दृष्टीने उद्बोधक आहे.

या लहान घुबडाचे पहिले वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली केले. तो नमुना आजच्या छत्तीसगडातील बसना भागातला होता. पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात आणखी नमुने मिळविले. १८८४ नंतरचा एकच नमुना उपलब्ध होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील या नमुन्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतील मांडवी हे स्थळ व १९१४ हे साल होते. या एका चिठ्ठीने पक्ष्याच्या अस्तित्वाचा काळ तीस वर्षांनी लांबला आणि त्याच्या प्रदेशात गुजरातची भर पडली.

पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी चिठ्ठीपेक्षा नमुन्यावर भर दिला. क्ष-किरणांच्या साहाय्याने कातडे भरण्याची मूळ धाटणी तपासली असता, तो डेव्हिडसन यांचाच, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला व पुन्हा शिवलेला नमुना ठरला. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, संशयास्पद नोंद बाजूला सारून मूळ स्थळांवर शोध घेण्यात आला होता, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, तत्कालीन धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा जिवंत आढळला. मधल्या काळातील काही निरीक्षणे साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याची ठरली. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ ठिपक्यांविना असते व छातीवरील पट्टे गडद असतात. हा भेद न पाहिल्याने तो घोटाळा झाला होता.

यानंतर जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात, मेळघाटात आणि २०१४ साली तानसा येथेही तो आढळला. २०१८ साली त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात झाली. गुजरातेतील डांगच्या जंगलातही तो पुढे खरोखरच मिळाला. तथापि त्यामुळे १९१४ ची नोंद खरी ठरत नाही. विधान संभाव्य असणे निराळे आणि त्याचा पुरावा अस्सल असणे निराळे. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ ज्या धुळ्यात आहे, तेथील अभ्यासकास हा भेद नवा नाही. खोटी नोंद वगळल्याने येथे ज्ञान उणावले नाही. उलट, डेव्हिडसन यांच्या खऱ्या नोंदींचे मोल कळले आणि नामशेष मानलेला पक्षी त्याच्या मूळ ठिकाणी सापडला.