देशाची गरज आणि यंत्राची निवड



हवेंतील उष्णता अडवून धरणाऱ्या वायूंचा प्रश्न आतां शाळेंतील मुलांसही ठाऊक झाला आहे. हे वायु कमी करावयाचे तर कोळसा, तेल व सरपण जाळण्याच्या जुन्या रीती सोडून नवीं साधनें घेतलीं पाहिजेत, हेंही आतां बहुतेकांस पटलें आहे. वाद आहे तो निराळाच. साधनें कोणतीं घ्यावयाचीं, आणि तें ठरवावयाचें कोणीं? १९९२ सालीं रिओ द जानेरो येथें राष्ट्राराष्ट्रांत जो करार झाला, त्यांत श्रीमंत देशांनीं इतरांस तंत्रज्ञान मिळवून देण्यास हातभार लावावा असें कलम आहे. ज्यांच्या धुराड्यांनीं दीडशें वर्षें आकाश काळें केलें, त्यांच्याकडून ही अपेक्षा रास्तच होती. पण देणारा तयार झाला तरी घेणाऱ्यास काय मागावें हें कळलें पाहिजे. म्हणून २००१ सालीं मोरोक्कोमधील माराकेश येथें असें ठरलें कीं, विकसनशील देशांनीं आपल्या गरजा आधीं मोजून मांडाव्या. २००९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-शाखेच्या मदतीनें अनेक देशांत ही मोजणी होत आली आहे.

मोजणीची रीत अशी. वीज, शेती, वाहतूक, कचरा यांपैकीं महत्त्वाचीं क्षेत्रें निवडावयाचीं, प्रत्येकांत शक्य असलेल्या साधनांची यादी करावयाची, आणि खर्च, वायूंतील घट, रोजगार अशा कसोट्यांवर प्रत्येकास गुण द्यावयाचे. ज्यांना अधिक गुण, त्यांच्या वाटेंतील अडचणी मग शोधावयाच्या. मी सारी हयात मुलांना गुण देण्यांत घालविली. गुणपत्रिकेंत मूल किती सांपडतें आणि किती निसटतें याची मला चांगली कल्पना आहे. म्हणून या तक्त्याकडे मी थोडा साशंकपणेंच पाहतों.

गरज मोजून यंत्र घडविण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाहीं. आमच्या येडशीवरून जो लोहमार्ग जातो त्याचा जन्मच अशा मोजणींतून झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ सालीं जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण मुख्य लोहमार्ग तेथून वीस-बावीस मैल दूर. शिवाय त्याच प्रदेशांत पंढरीच्या यात्रेकरूंची प्रचंड ये-जा. रुंद मार्गाचा खर्च या मुलुखास झेपण्यासारखा नव्हता. कॅलथ्रॉपनें अडीच फूट रुंदीचा मार्ग धरला, आणि इंजिन असो वा डबा असो, एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं असा नियम घातला. भार सारखा वांटला गेल्यामुळें हलका रूळ पुरला. डबे दाबीव पोलादाचे केले, म्हणजे डब्याचें स्वतःचें वजन घटून मालास जागा झाली. लीड्सजवळ न्यूले येथें रूळ टाकून हें सारें त्यानें चालवून दाखविलें, आणि १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. येडशीवरून पुढें १९११ सालीं ती लातुरास पोहोंचली. दुसऱ्या बाजूस १९२७ सालीं मिरजेस. इंजिनें लीड्सच्या किटसन कंपनीचीं होतीं. पण बिघडलेलें इंजिन परत लीड्सला धाडावें लागत नव्हतें. कुर्डुवाडीस दुरुस्तीचा कारखाना होता आणि त्यांत इथलेच हात काम करीत. ही धाकटी गाडी माझ्या पिढीनें पोटभर पाहिली. या शतकाच्या पहिल्या दशकांत मार्ग रुंद झाला आणि ती गेली. ती कोळसा जाळी, कंपनी नफ्यासाठीं ती चालवी, हें मी विसरत नाहीं. तिच्यापासून घ्यावयाची ती मोजण्याची रीत.

योगायोग असा कीं, त्याच १८९७ सालीं मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत मैल्यापासून निघणारा वायु साठवून त्यावर दिवे लावण्यांत आले. या वायूचा जळणारा भाग म्हणजे मिथेन. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन मिथेन हा कर्बद्विप्राणिद वायूच्या सुमारें २८ पट उष्णता अडवितो. तो कोंडून चुलीखालीं जाळावा, लाकूड वांचवावें आणि उरलेला मळा खत म्हणून शेतांत घालावा, याहून सोयीचें साधन शेतकी देशास दुसरें कोणतें? १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनीं लोखंडी तरंगत्या टोपाचें संयंत्र सिद्ध केलें. पुढच्या दशकांत खादी व ग्रामोद्योग आयोगानें तें हातीं घेतलें. १९८१-८२ पासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९८४ सालीं लोखंडाचा टोप गाळून विटांच्या घुमटाचें 'दीनबंधु' संयंत्र निघालें. आजवर देशांत सुमारें ५० लाख गोबरगॅस संयंत्रें बांधलीं गेलीं. कोणत्याही तक्त्यांत या साधनास पैकीच्या पैकीं गुण पडतील.

आतां येडशीच्या अंगणांत येऊं. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्रास रोज सुमारें ५० किलो शेण लागतें, म्हणजे दावणीस चार-पांच जनावरें हवींत. शेणाइतकेंच पाणी लागतें; म्हणजे रोज तीन-चार घागरी. श्रावणांत हा हिशेब जुळतो. पण आमचा धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या माथ्यावरचा, पावसाच्या भरंवशावर जगणारा. १९७२ चा दुष्काळ माझ्या लहानपणचा. २०१२-१३ आणि २०१५-१६ तर कालचेच म्हणावे. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें न्यावें लागलें. पहिल्या खेपेस पांच लाख लिटर पाणी गेलें. तें याच मार्गानें, येडशीवरूनच गेलें. त्याच सालीं या भागांत चारा-छावण्या उघडल्या होत्या. गुरें छावणींत आणि चूल घरांत. शेण तिकडे, स्वयंपाक इकडे, आणि घागरभर पाण्यासाठीं बायका टँकरच्या रांगेंत. अशा वेळीं खड्डा कोणीं कालवावयाचा? शेण-पाणी थांबलें कीं संयंत्र बंद पडतें, आंतला मळा घट्ट बसतो, आणि पुन्हां सुरू करतांना कित्येक आठवडे जातात. घुमटास चीर गेली असेल तर जो वायु कोंडावयाचा तोच आकाशांत सुटतो. कोल्हापूरकडे, जेथें पाणी आहे आणि गोठा भरलेला आहे, तेथें हेंच साधन घरोघर नांदतें. दोष साधनाचा नाहीं.

शहरांतील श्रोत्यांना शेणाची कटकट नको असेल तर पुण्याच्या 'आरती' संस्थेचें लहान संयंत्र पाहावें. डॉ. आनंद कर्वे यांनीं शेणाऐवजीं घरांतल्या खरकट्यावर, पिठूळ पदार्थांवर तें चालविलें. किलो-दोन किलो खाद्यावर चालणारें हें यंत्र. त्याला २००६ सालीं इंग्लंडांतील अॅश्डेन पारितोषिक मिळालें. प्रश्न बदलला तसें यंत्र बदललें.

सुधारित चुलींचा अनुभव उलट आहे. १९८३ सालीं सुरू होऊन २००२ सालीं थांबलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत देशभर तीन कोटींहून अधिक चुली वांटल्या गेल्या. वांटल्या किती याचा हिशेब झाला. पेटतात किती याचा फारसा झाला नाहीं. तुराट्या-पऱ्हाट्यांचें लांब सरपण बारीक मोडून घालावें लागे, आणि भाकरीचा तवा नीट बसे ना. सुनेनें चार दिवस चालविली, सासूनें पांचव्या दिवशीं तीन दगड मांडले. यांत अडाणीपणा कोणाचा, हें मी श्रोत्यांवर सोपवितों.

याच्या विरुद्ध एक उदाहरण अलीकडचें आहे. शेतकऱ्यानें हरितगृह वायूंचें नांव कधीं घेतलें नव्हतें. त्याचें मागणें एकच: रात्रीं अंधारांत, साप-विंचवांत पाणी द्यावयास लावूं नका, दिवसां वीज द्या. सूर्यही दिवसांच तापतो. २०१७ सालीं महाराष्ट्रांत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि २०१९ सालीं केंद्राची कुसुम योजना आली. तेव्हां शेतकऱ्याचें मागणें आणि देशाचें मागणें प्रथमच एका तारेवर आलें. कोळशाची वीज वांचली व शेतकऱ्याची झोपही वांचली. येथेंही एक कांटा आहे. ऊन फुकट, म्हणून पंपही फुकट चालतो. आणि आमच्या खडकांतलें पाणी कांहीं अथांग नाहीं. बोअर आधींच खोल गेलेल्या आहेत. सौर पंपास गुण देणाऱ्यानें शेजारच्या विहिरीची पातळीही लिहून घ्यावी.

अशी मोजणी आमच्या गांवीं करावयास कोणी आलाच, तर त्याला मी दिवाळीनंतर हिरव्या शिवारांत नेणार नाहीं. वैशाखांत ये म्हणेन. दावणीला गुरें किती, रांजणांत पाणी किती, सरपण कोठून आलें आणि तें कोणीं आणलें, एवढें त्यानें घरोघर विचारावें; आणि उत्तर घरांतल्या बाईकडून घ्यावें.