‘आमाल’ : एका हिब्रू शब्दाचा अर्थविचार

हिब्रू भाषेतील ‘आमाल’ या शब्दाचे कोशकार सामान्यतः दोन अर्थ देतात : थकविणारे श्रम आणि दुःख. प्रसंगानुसार त्यांतील एक निवडला की भाषांतरकाराचे काम भागते. शब्दाचा इतिहास मात्र झाकला जातो. इ. स. पू. तिसऱ्या शतकात आरंभ झालेल्या सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरातच ही अडचण दिसते. तेथे या एका शब्दासाठी ‘पोनोस’, ‘कोपोस’ व ‘मोख्थोस’ असे निरनिराळे प्रतिशब्द योजिले आहेत.

वस्तुतः हे दोन अर्थ जोडणारा दुवा जुन्या करारातच सापडतो. मोशेच्या पाचव्या पुस्तकातील सव्विसाव्या अध्यायात, शेतकऱ्याने पहिले पीक अर्पण करताना करावयाचे निवेदन आहे. मिसरातील वेठबिगारीचे स्मरण करताना त्यात ‘आमाल’ हा शब्द येतो. हाती स्वतःच्या भूमीचे फळ असताना, ज्या श्रमाचे फळ दुसऱ्याने नेले त्याची ही आठवण होय. यशयाच्या दहाव्या अध्यायात तर अन्यायाचे निर्णय लिहिणारे ‘आमाल’ लिहितात असे म्हटले आहे. म्हणजे भोगणाऱ्याचे दुःख व लादणाऱ्याचा जुलूम या दोहोंना एकच नाव आहे.

‘उपदेशक’ या ग्रंथात हा शब्द वीसाहून अधिक वेळा आला आहे. त्यातील दुसऱ्या अध्यायाची मुख्य तक्रार श्रम कठीण असल्याची नाही. न श्रमलेल्याच्या हाती त्याचे फळ पडते, ही आहे. उलट, आपल्या ‘आमाल’मध्ये सुख लाभणे ही ईश्वराची देणगी होय, असेही तोच ग्रंथकार सांगतो. तेव्हा श्रम स्वभावतःच दुःखरूप, असे त्याचे मत मानता येत नाही.

सर्वच प्रयोग या एका सूत्रात बसत नाहीत. ईयोबाच्या पाचव्या अध्यायात व नव्वदाव्या स्तोत्रात हा शब्द एकंदर मानवी जीवनाला लावलेला आहे. तथापि हा विस्तार मूळ अनुभवावरूनच झाला असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते. याच धातूपासून झालेल्या अरबी ‘अमल’ शब्दात केवळ ‘कार्य’ हा अर्थ आहे. फारसीमार्फत मराठीत आलेला ‘अंमल’ सत्तेचा वाचक झाला.

मराठी भाषांतरकाराला मात्र दूर जाण्याचे कारण नाही. ‘कष्ट’ करणारा आणि ‘कष्टी’ होणारा, या दोघांना आपल्या भाषेनेही एकाच शब्दाने बांधले आहे.