मृत्यूचे अनाहूत विचार आणि स्वमग्न मन : ओळख, कारणे आणि उपाय

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण मराठीत पिढ्यानपिढ्या वापरली जाते. घरच्या माणसाला परतायला उशीर झाला की मन आधी अपघाताची शंका घेते. अवेळी दूरध्वनी वाजला की आधी वाईट बातमीच मनात येते. असे विचार बहुतेकांच्या मनात येतात आणि थोड्या वेळात विरून जातात. न बोलावता येणारे, नकोसे वाटणारे आणि अस्वस्थ करणारे हे विचार मानसशास्त्रात अनाहूत विचार म्हणून ओळखले जातात. काही स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत मात्र मृत्यूविषयीचा असा विचार आला की तो आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने ठाण मांडून बसतो. तो का रुततो, मरणाच्या इच्छेपेक्षा तो वेगळा कसा आणि त्याला तोंड कसे द्यावे, याची माहिती स्वमग्न व्यक्तींना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि शिक्षकांना असणे आवश्यक आहे.

विचार येणे हा आजार नव्हे

स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मंत्रचळाच्या, म्हणजेच ओसीडीच्या रुग्णांना छळणारे विचार आशयाच्या दृष्टीने निरोगी माणसांच्या मनात येणाऱ्या विचारांसारखेच असतात. पुढे 2014 मध्ये 13 देशांतील 777 विद्यार्थ्यांच्या पाहणीत सुमारे 94 टक्के जणांनी मागील तीन महिन्यांत किमान एक अनाहूत विचार आल्याचे सांगितले.

म्हणजे खरा फरक विचार येण्यात नसून त्याला दिल्या जाणाऱ्या अर्थात आहे. एखादी व्यक्ती ‘काहीतरीच मनात आले’ असे म्हणून कामाला लागते. दुसरी व्यक्ती मात्र ‘हे माझ्या मनात आले, म्हणजे ते घडणार’ किंवा ‘मी वाईट आहे म्हणूनच असे सुचले’ असा निष्कर्ष काढते. ‘अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते’ हे वाक्य अनेक मराठी घरांत सहज उच्चारले जाते. बोलणारा ते विसरूनही जातो. शब्दांचा अर्थ जसाच्या तसा घेणाऱ्या मुलासाठी मात्र तो नियम ठरतो : आईच्या मृत्यूचा विचार मनात आला, आता तो खरा होणार आणि दोष माझा असणार.

स्वमग्न मनात विचार का रुततो

स्वमग्नता हा मानसिक आजार नसून मेंदूच्या विकासातील जन्मजात वेगळेपण आहे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये आणि व्हिएन्नात हान्स ॲस्परगर यांनी 1944 मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. स्वमग्नतेसोबत चिंताविकार आढळण्याचे प्रमाण मात्र मोठे आहे. अनेक अभ्यासांच्या 2011 मधील एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे 40 टक्के स्वमग्न मुले व किशोरवयीनांना कोणता ना कोणता चिंताविकार होता; सुमारे 17 टक्क्यांमध्ये मंत्रचळ आढळला.

विचार रुतण्यामागे अनेक कारणे एकत्र येतात. पहिले कारण लक्ष देण्याच्या पद्धतीत आहे. अनेक स्वमग्न व्यक्तींचे लक्ष एका वेळी एकाच विषयावर खोलवर केंद्रित होते आणि तेथून ते हलवणे कठीण जाते. अभ्यासात किंवा छंदात हे बळ ठरते. भीतीच्या विषयात त्याचाच सापळा होतो. दुसरे कारण अनिश्चिततेचे. मृत्यू निश्चित आहे, पण त्याची वेळ अनिश्चित आहे. पुढे काय होणार हे आधीपासून कळणे ज्यांना गरजेचे वाटते, त्यांच्यासाठी याहून अवघड प्रश्न नाही.

तिसरे कारण भावना ओळखण्याशी निगडित आहे. सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींना स्वतःच्या भावनांना नाव देणे कठीण जाते, असे संशोधनातून दिसते. भुकेने, अपुऱ्या झोपेने किंवा गोंगाटाने छातीत धडधडू लागले, तरी त्याचा अर्थ ‘मी मरणार’ असा लावला जाऊ शकतो. चौथे कारण भाषेचे आहे. ‘आजोबा झोपले’, ‘देवाघरी गेले’ अशा सौम्य शब्दांनी शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला झोपेचीच भीती वाटू शकते, किंवा देवाच्या घरून आजोबा परत कधी येणार हा प्रश्न त्याला पडतो. त्यातच घरात मृत्यू झाल्यावर दिवसकार्य संपेपर्यंत येणारी गर्दी, आक्रोश, उदबत्तीचा धूर आणि विस्कटलेली दिनचर्या यांचा ताण वेगळाच असतो.

तीन अवस्थांतील फरक

मृत्यूविषयी बोलणारी प्रत्येक स्वमग्न व्यक्ती संकटात असते असे नाही. काहींना प्राचीन दफनपद्धती, नामशेष प्राणी किंवा मोठ्या आपत्ती या विषयांत निखळ जिज्ञासा असते. त्या बोलण्यात उत्साह असतो, भीती नसते. दुसऱ्या अवस्थेत विचार नकोसा असतो. तो येऊ नये म्हणून व्यक्ती धडपडते, पुन्हा पुन्हा खात्री करून घेते. तिसऱ्या अवस्थेत जगू नये असे वाटू लागते. दुसऱ्या अवस्थेला तिसरी समजल्यास घरात घबराट पसरते आणि भीती अधिक घट्ट होते. तिसरीला दुसरी समजल्यास जीव धोक्यात येतो.

हा धोका वास्तव आहे. प्रौढ वयात ॲस्परगर सिंड्रोमचे निदान झालेल्या 374 व्यक्तींच्या 2014 मधील ब्रिटिश अभ्यासात 66 टक्के जणांनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा विचार केल्याचे सांगितले. प्रौढपणी निदानासाठी आलेल्यांचा हा गट असल्यामुळे तो आकडा सर्व स्वमग्न व्यक्तींना लागू होत नाही; तरीही दुर्लक्ष करण्याजोगा तो नाही.

फरक ओळखण्याचा मार्ग म्हणजे स्पष्टपणे विचारणे. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. ‘काही वेडेवाकडे मनात नाही ना?’ असा आडवळणाचा प्रश्न मात्र उपयोगाचा नसतो. ‘मरणाचा विचार येतो तेव्हा भीती वाटते, की मरावेसे वाटते?’, ‘त्यासाठी काही ठरवले आहे का?’ असे एकेक, नेमके प्रश्न विचारावेत. उत्तर बोलून देणे जड जात असेल तर लिहून, टंकित करून किंवा शून्य ते दहा या पट्टीवर बोट ठेवून देता येते. चेहरा शांत दिसतो म्हणून मनही शांत आहे, असे गृहीत धरू नये. आवडता छंद अचानक सोडणे, स्वतःला इजा करणे वाढणे, झोप वा आहार एकाएकी बदलणे या खुणा गांभीर्याने घ्याव्यात.

झटापटीऐवजी ओळख

‘तो विचारच करू नकोस’ हा सर्वाधिक दिला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी सल्ला आहे. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगण्यात आले. अस्वल वारंवार मनात आलेच. नंतर विचाराची मुभा मिळाली तेव्हा ते अधिकच आले. दडपलेला विचार उसळून वर येतो.

त्यामुळे विचाराला हाकलण्याऐवजी त्याला नाव देणे अधिक फलदायी ठरते : ‘हा मृत्यूचा विचार आहे. हा विचार आहे. ही इच्छा नव्हे आणि हे भाकीतही नव्हे.’ हे वाक्य चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवता येते. दिनचर्येची आवड असलेल्यांना ‘चिंतेची वेळ’ ठरवणे सोयीचे जाते. दररोज एका ठरावीक वेळी पंधरा-वीस मिनिटे विचार वहीत उतरवायचे आणि इतर वेळी विचार आला की ‘आता नाही, सहा वाजता’ अशी नोंद करून हातातील काम पुढे चालू ठेवायचे. ही वेळ झोपेच्या लगेच आधी नसावी.

विचार तीव्र झाला की प्रथम शरीराची तपासणी करावी : जेवण झाले आहे का, पाणी प्यायले आहे का, झोप पुरेशी झाली आहे का, आवाज किंवा प्रकाशाचा त्रास होतो आहे का? यासाठी छोटी यादी हाताशी असावी. अनेकदा शांत खोली, अंगावर जड पांघरूण, झुलणे किंवा आवडीच्या विषयात रमणे एवढ्यानेही विचाराची धार कमी होते. हात हलवणे, झुलणे अशा स्वतःला शांत करणाऱ्या हालचाली थांबवू नयेत. त्या मंत्रचळातील कृतींपेक्षा वेगळ्या आहेत : त्यांतून दिलासा मिळतो, तर मंत्रचळातील कृती अनिष्ट टाळण्याच्या धास्तीपोटी करावी लागते.

प्रश्नाला खरे उत्तर

‘आई, तू मरणार नाहीस ना?’ हा प्रश्न काही घरांत दिवसातून अनेकदा विचारला जातो. ‘कधीच नाही’ हे उत्तर खोटे असते आणि त्याचा दिलासा काही मिनिटेच टिकतो. त्याऐवजी एकच खरे उत्तर ठरवून घ्यावे : ‘प्रत्येक माणूस कधीतरी मरतो. आज मला कोणताही गंभीर आजार नाही. मी नसेन तेव्हा तुझी काळजी कोण घेईल, हे आपण लिहून ठेवले आहे.’ अर्थात ते उत्तर त्या घरापुरते खरे असले पाहिजे. ते एकदा द्यावे. पुन्हा प्रश्न आल्यास लिहिलेल्या चिठ्ठीकडे निर्देश करावा. दर वेळी नव्याने खात्री देत राहिल्यास प्रश्नाचे चक्र थांबत नाही.

या प्रश्नातील एक भाग भीतीचा असतो, तसा एक भाग व्यवहाराचाही असतो. पालकांनंतर राहायचे कोठे, पैसे कोण पाहील, सोबत कोण असेल, या प्रश्नांना समजुतीच्या शब्दांपेक्षा आराखडा हवा. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार स्वमग्नतेसह काही अपंगत्वांसाठी, गरज असल्यास, 18 वर्षांवरील व्यक्तीकरिता कायदेशीर पालक नेमता येतो. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे करावा लागतो. इच्छापत्र, बँक व्यवहार आणि निवासाची सोय यांची चर्चा त्या व्यक्तीला सोबत घेऊन केल्यास अनिश्चिततेचा मोठा भाग कमी होतो.

उपचार आणि हक्क

विचारांमुळे झोप, शिक्षण किंवा काम बिघडू लागल्यास मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यावी. मंत्रचळावर भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे आणि खात्री करून घेण्याची कृती रोखणे ही उपचारपद्धती प्रस्थापित आहे. स्वमग्न व्यक्तींसाठी तिच्यात लेखी सूचना, चित्रे, ठोस उदाहरणे, संथ गती आणि ठरलेली रूपरेषा असे बदल करावे लागतात. औषधे दिल्यास ती सहसा कमी मात्रेने सुरू केली जातात. ती स्वतःहून सुरू वा बंद करू नयेत. पहिल्या भेटीला जाताना त्रास कधी होतो आणि कशाने कमी होतो याची लेखी नोंद न्यावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने मान्य केलेल्या 21 अपंगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार शासनाच्या मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्याच कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. त्यामुळे शिक्षेच्या भीतीने मदत घेणे टाळण्याचे कारण नाही.

मरणाची इच्छा किंवा तशी योजना व्यक्त झाल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, औषधांचा साठा व धोकादायक वस्तू हाताशी राहू देऊ नयेत आणि तातडीने रुग्णालय गाठावे. आणीबाणीत 112 या क्रमांकावर संपर्क साधता येतो. केंद्र सरकारची 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर 24 तास उपलब्ध असून ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन करते. दूरध्वनीवर बोलणे ज्यांना कठीण जाते, त्यांनी काय सांगायचे ते आधी लिहून ठेवावे किंवा विश्वासातील व्यक्तीला सोबत घेऊन दूरध्वनी करावा.